फक्त फिरत्या सायकलींसाठी

धुळ्यात देवपूरच्या अंगाला एक जुना पाट होता. त्यातून कधीकाळी पाणी वाहिलं असेल, पण आधारने ते पाहिलं नव्हतं. त्याने पाहिला तेव्हा पाटात बाभळी माजल्या होत्या, डुकरं लोळत होती आणि काठाने एक पायवाट होती, पांझरा नदीपासून थेट नगावबारीपर्यंत. दोन्ही बाजूंना निंबाची झाडं. नदीकडचं तोंड सोडलं तर आग्रा रोडवरच्या ट्रकांचा आवाजही तिथे पोचायचा नाही.

या पायवाटेचा सायकलरस्ता झाला तो रतिलालशेठच्या साखरेमुळे. शेठ कापसाचे जुने व्यापारी. शहाऐंशी साली डॉक्टरांनी त्यांना बजावलं, साखर वाढलीय, रोज सायकल चालवा. शेठ हौसेने आग्रा रोडवर गेले आणि एका ट्रकवाल्याने मागून असा काही हॉर्न दिला की साखर राहिली बाजूला, रक्तदाब चढला. मग शेठने चार मित्र जमवले, ‘पाटकाठ फेरफटका समिती’ काढली, काठालगतच्या बाभळी तोडल्या, मुरूम टाकला आणि नदीकडच्या तोंडाला दोन दगडी खांब रोवून मध्ये साखळी लावली. सायकल तेवढी आत जाणार. बैलगाडी नाही, फटफटी नाही. लुनावाले सुरुवातीला इंजिन बंद करून, पायडल मारत, घामाघूम होऊन यायचे आणि सायकलच आहे म्हणायचे. माणसाला मोकळा रस्ता दिसला की तो काय काय सोंगं करतो, हे तिथे बसून बघण्यासारखं होतं.

बसून बघणारा माणूस म्हणजे आधार. समितीने त्याला एक स्टूल दिलं, एक खाकी टोपी दिली आणि साखळी त्याच्या हवाली केली. काम एवढंच, की आलेल्याला विचारायचं, “फिरायला का कामाला?” फिरायला म्हणाला तर साखळी खाली टाकायची. कामाला म्हणाला तर आग्रा रोड दाखवायचा. दूधवाले, पाववाले, धार लावणारे यांची गर्दी शेठना नको होती. रस्ता हवा खायचा होता, माल विकायचा नव्हता.

घोटाळा पाटीने केला. मगन पेंटरला मजकूर दिला होता तो असा : ‘फक्त फिरावयास येणाऱ्या सायकलस्वारांसाठी. धंद्याच्या सायकलींना मनाई.’ मगनकडे पत्रा निघाला आखूड. त्याने डोकं लढवलं आणि रंगवलं, ‘फक्त फिरत्या सायकलींसाठी’. झालं! दुसऱ्याच दिवशी धार लावणारा पाटीखाली येऊन उभा राहिला. म्हणाला, “नाना, मी फिरता धारवाला. फिरता दूधवाला, फिरता पाववाला, आमनीच पाटी शे हाई. हाऊ तुमना शेठ एका जागवर दुकान लाई बसेल शे, तो फिरता कसा?” आधारने हे शेठच्या कानावर घातलं. शेठ मगनवर तडकले. मगन म्हणाला, सोमवारी बदलतो. तो सोमवार पाच वर्षं झाली तरी उजाडला नव्हता.

तेव्हा शेठ सोडून सगळ्यांनी मिळून मधला मार्ग काढला. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून अभिमन दूधवाला यायचा. आधार विचारायचा, “फिरायला का कामाला?” अभिमन गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, “फिराले!” कॅनमधलं दूध डुचमळायचं आणि साखळी खाली पडायची. आधारने कधी कॅनकडे पाहिलं नाही. विचारायला सांगितलं होतं, बघायला कुठे सांगितलं होतं?

आधार मूळचा सोनगीरचा. बाप उखर्डू दुसऱ्याच्या शेतात राबायचा. अठराव्या वर्षी आधार धुळ्याच्या गिरणीत आला आणि साचेखात्यात लागला. गिरणीत मागाला साचा म्हणतात. साच्यावरचा माणूस पाळी संपेपर्यंत उभा. बत्तीस वर्षं तो उभा राहिला. पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, गुडघे गेले, डावा कान गेला. उजवा वाचला, कारण त्या अंगाला खिडकी होती. चौऱ्याऐंशी साली गिरणी बंद पडली. मग दोन वर्षं मार्केटात पोती उचलली, तीही उभ्यानेच. म्हणून स्टूल मिळालं तेव्हा बायकोने, रुक्माबाईने, त्याला चिडवलं, “आते तुम्ही साहेब व्हयनात!” आधार हसला. पण त्या दिवशी निंबाखाली टेकल्यावर त्याचे डोळे भरून आले होते, हे त्याने तिला सांगितलं नाही. बसून करायचं काम त्याला जन्मात पहिल्यांदाच मिळत होतं. माणसाला शेवटी काय लागतं? सावली आणि बूड टेकायला जागा.

साचेखात्यात त्याच्या शेजारच्या साच्यावर बन्सीलाल होता. त्याच्या वाट्याला खिडकी नव्हती, चहूबाजूंनी साचेच. त्याचे दोन्ही कान गेले, साफ गेले. तिथे तसंही कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही. सगळं बोलणं हातांनी. अंगठा ओठाला लावला की चहा. बोट गोल फिरवलं की साचा चालू आहे. तळहात डावीकडे ढकलला की मागून सुताची ट्रॉली येतेय, बाजूला हो. आणि मिशीवरून हात फिरवला की मुकादम येतोय. खात्यातल्या त्या मुकादमाला मिशी नव्हतीच, त्याच्या बापाला होती. पण खूण जुनी, ती तशीच चालत आलेली.

गिरणी सुटल्यावर बन्सीलाल सायकलच्या कॅरियरवर पत्र्याची पेटी बांधून पाव-बटर विकायला लागला. बेकरी जुन्या धुळ्यात, गिऱ्हाईक देवपुरात आणि नगावबारीत. हँडलला त्याने रबरी पोंगा लावला होता. वाजतोय की नाही हे त्याला कळायचं नाही, म्हणून तो दाबतच राहायचा. बायका म्हणायच्या, पाववाला आला की गाढव हरवल्यासारखं वाटतं. पण पाव मऊ असायचे आणि माणूस सरळ होता.

ज्याला मागचं काही ऐकू येत नाही, त्याने आग्रा रोडवर सायकल चालवणं म्हणजे रोज देवाला कौल लावणं. म्हणून बन्सीलालला पाटकाठचा रस्ता फिरायला नको होता, जगायला हवा होता. आधारने त्याला कधी ‘फिरायला का कामाला’ विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याला ऐकू आलं नसतं, आणि ओठांवरून कळलं असतं तर तो खरं तेच सांगून बसला असता. खोटं बोलायला आधी आपला आवाज आपल्याला ऐकू यावा लागतो, बारीक करता यावा लागतो. बन्सीलालचं सगळंच बोलणं ओरडून. लांबून पेटी दिसली की आधार साखळी टाकायचा. शेठ जवळपास असले की तो मिशीवरून हात फिरवायचा. बन्सीलाल तिकडूनच सायकल वळवून एकवीरादेवीच्या देवळामागे थांबायचा आणि शेठ गेले की यायचा. अशी पाच वर्षं गेली.

मग एक्याण्णव सालच्या फाल्गुनात अभिमन दूधवाल्याचा कॅन रतिलालशेठच्या हँडलला अडकला आणि शेठ सायकलसकट पाटात गेले. लागलं फार नाही, पण धोतराचा एक सोगा बाभळीला राहिला आणि शेठ दुसरा धरून वर आले. फिरायला आलेल्या निम्म्या देवपुराने ते पाहिलं. शेठ तसे वाईट नव्हते. पण माणूस एक वेळ हाड मोडलेलं विसरतो, हसं झालेलं विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच ते साखळीपाशी आले. म्हणाले, “आधार, पाच वर्षं तू इथे बसून करतोस काय? सगळं गाव पेट्या-कॅन घेऊन आत जातं. आज मी इथेच बसणार आहे. तुला एकही माणूस अडवता येत नसेल, तर उद्यापासून या स्टुलावर दुसरा बसेल.”

शेठ निंबाच्या खोडाआड, पलीकडच्या दगडावर बसले. रस्त्यावरून ते दिसत नव्हते. आधार स्टुलावर होता. आदल्या दिवसापासून त्याचा उजवा गुडघा ठणकत होता.

पहिला अभिमनच आला. साखळीपाशी शेठ दिसले तसा चपापला, पण गडी तयारीचा. “फिराले, शेठ! डॉक्टरनी सांगेल शे, वजन बांधीसन फिर!” शेठ लालबुंद झाले. पण त्यांनीच नियम केला होता, की विचारायचं आणि उत्तर ऐकायचं. स्वतःच्या नियमात अडकलेल्या माणसासारखा लाचार कोणी नाही. ते पुटपुटले, “जाऊ दे. पण जो तोंडाने कामाला म्हणेल, त्याला मी सोडणार नाही.” मग धारवाला आला, फिराले. फुगेवाला आला, फिराले. प्रत्येकाबरोबर शेठचा चेहरा आणखी आंबत गेला. आधारच्या ध्यानात आलं, आज कोणीतरी एक अडवला जायलाच हवा. नाहीतर संध्याकाळी स्टूल जाईल.

आणि तेव्हाच वळणावर पत्र्याची पेटी चमकली.

बन्सीलाल नेहमीसारखा पोंगा दाबत येत होता. नेहमीसारखंच त्याने लांबूनच आधारकडे पाहिलं, मुकादम आहे का म्हणून. हात वर न्यायचा आणि मिशीवरून फिरवायचा, एवढंच करायचं होतं. शेठने पाहिलं असतं तरी घाम पुसला म्हणता आलं असतं. आधारला ते सगळं कळत होतं. त्याचा हात मांडीवर होता. तो त्याने मांडीवरच ठेवला.

माणूस वाईट वागतो ते रागाच्या भरात किंवा लोभाने, असं सांगतात. निम्म्या वेळा तो नुसता दमलेला असतो.

बन्सीलाल साखळीपाशी आला तेव्हा शेठ खोडाआडून पुढे झाले. “काय हो, फिरायला का कामाला?” बन्सीलालने त्यांचे ओठ पाहिले. काय कळलं कोण जाणे. हसून, सगळ्या पाटकाठाला ऐकू जाईल असा ओरडला, “पाव इकाले चालनू, शेठ! दखा ना, ताजा शेतस!” आणि त्याने पेटी उघडून साखर वाढलेल्या त्या माणसापुढे एक गोड बटर धरलं.

शेठने हाताने आग्रा रोड दाखवला.

बन्सीलालचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्याने आधारकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग हातांकडे. हात मांडीवर होते. बटर त्याने जपून पेटीत ठेवलं, झाकण लावलं, सायकल वळवली. त्याने काही खूण केली नाही. त्याचेही हात हँडलवरच राहिले. साचेखात्यात याला अबोला म्हणत.

“बघ, जमतं की अडवायला,” शेठ म्हणाले आणि समाधानाने घरी गेले. शिस्त लागली ती त्यांच्यापुरती. दुसऱ्या दिवसापासून अभिमन पुन्हा फिरायलाच जाऊ लागला. बन्सीलाल मात्र पाटकाठाला फिरकला नाही, आग्रा रोडनेच जाऊ लागला.

आधारचं स्टूल राहिलं. पण त्याला त्यावर बसवेना. नदीकडच्या तोंडाला आग्रा रोडचा आवाज यायचा. पाच वर्षं तो त्याच्या कानावरून जायचा, आता कानात शिरायला लागला. ट्रकचा लांब हॉर्न वाजला की तो ताडकन उठायचा. ब्रेक करकचले की साखळी हातात धरून उभाच राहायचा, पुढे काही ओरडा होतोय का ऐकत. नेमका उजवा कान रस्त्याकडे असायचा. त्याने स्टूल फिरवून डावा कान तिकडे करून पाहिलं, पण मग ऐकू येत नव्हतं म्हणून जीव जास्तच उडायचा. बत्तीस वर्षं साच्यापुढे उभा होता तेव्हाही तो इतका उभा राहिला नव्हता. संध्याकाळी घरी गेला की पाय सुजलेले असायचे.

रुक्माबाईने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. ती पायांना तेल लावत होती. तिने तेल लावायचं थांबवलं नाही, पण म्हणाली, “तुमना हात काय बांधेल व्हतात का?”

“शेठ व्हता ना तठे.”

“शेठ ते दगडवर बसेल व्हता. तुमना हातवर नही.”

एक दिवस तो बन्सीलालच्या घरी गेला. झुंबरबाईने, बन्सीलालच्या बायकोने, पाणी दिलं. बन्सीलाल ओट्यावर आडवा होता. आधार त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि अंगठा ओठाला लावला. चहा? बन्सीलालने त्याला नीट पाहिलं आणि मग डोळे मिटले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्या घराची सगळी दारं बंद होतात. आता तिथे ओरडून उपयोग नाही, हात हलवून उपयोग नाही. आधार तसाच उभा राहिला. झुंबरबाई संकोचून म्हणाली, “त्यासले झोप लागनी, भाऊ.” झोप लागली नव्हती हे तिघांनाही माहीत होतं.

निघताना आधारला दारातली सायकल दिसली. पेटीची उजवी बाजू आत चेपली होती आणि तिच्यावर हिरव्या रंगाचा एक लांब ओरखडा होता. पेटीला रंग नव्हताच कधी. तो कोणत्या तरी ट्रकचा होता.

त्याने ओरखड्यावरून बोट फिरवलं. रंग अजून बोटाला लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधार पाटकाठी आला, साखळी खांबावर गुंडाळून ठेवली, स्टूल निंबाखाली उलटं घातलं आणि टोपी काढून स्टुलाच्या पायाला अडकवली. मग आपली सायकल घेऊन आग्रा रोडवरच्या मोठ्या पुलाशी जाऊन थांबला. सायकल गिरणीच्या काळातली, सीट फाटकी, गुडघा वाकवला की त्याचा आणि सायकलचा एकदमच आवाज यायचा. पोंगा वाजला. बन्सीलाल पुढे गेला. आधार त्याच्या मागे निघाला, आणि पूल ओलांडल्यावर हळूहळू त्याच्या उजव्या अंगाला आला. ट्रक येतात ते त्या अंगाने.

उन्हं नुकती वर आली होती. आधारची सावली आडवी पडली ती बन्सीलालच्या पेटीवर, पाठीवर, हँडलवर. बन्सीलालने सावली पाहिली आणि मान वळवली. त्याच वेळी आधारच्या उजव्या कानात मागून घरघर शिरली. त्याने हात उचलला आणि तळहात डावीकडे ढकलला.

ट्रॉली येतेय, बाजूला हो.

बन्सीलालचे पाय आणि हात बत्तीस वर्षांच्या सवयीने हलले. विचार करायला वेळच नव्हता. सायकल डावीकडे मातीत उतरली, आणि केळी भरलेला ट्रक आधारच्या कोपराला वारा लावून गेला. धुरळा बसल्यावर बन्सीलालने पुन्हा एकदा मान वळवली. पुढच्या घरघरीला त्याने आपणहून आधारच्या हाताकडे पाहिलं.

असं रोज चाललं. आधार जाताना धापा टाकायचा, चढाला उतरून सायकल हाती धरून चालायचा, आणि तो चालायला लागला की पुढे बन्सीलाल पेटीचं झाकण नीट करायचं निमित्त काढून थांबायचा. इकडे पाटकाठावर साखळी उघडी पाहून लुनावाले इंजिन चालू ठेवून, ऐटीत घुसू लागले. पाचव्या दिवशी एका लुनाने फिरायला आलेल्या कोणाला तरी उडवता उडवता सोडलं आणि बातमी, पाटात पडल्यापासून सायकलला हात न लावलेल्या शेठपर्यंत गेली.

शेठ मोटार घेऊन निघाले. नगावबारीच्या अलीकडे त्यांना आधार सापडला. तो सायकलवरून उतरून हँडलवर ओणवा होऊन श्वास घेत होता. समोरून, मागून ट्रक जात होते, काळा धूर सोडत होते. पुढे थोड्या अंतरावर बन्सीलाल उभा होता. शेठने काच खाली केली.

“आधार! साखळी सोडून इथे काय करतोस? तुझं काम काय, तू चाललास कुठे?”

आधारने मान वर केली. घामाने त्याचे डोळे चुरचुरत होते. पाच वर्षं तो ज्या उत्तराला साखळी खाली टाकत आला होता, ते त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने दिलं.

“फिरायला, शेठ.”

शेठने पुढच्या पेटीकडे पाहिलं, चेपलेल्या बाजूकडे, हिरव्या ओरखड्याकडे. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण मागच्या ट्रकने हॉर्न दिला आणि त्यांना मोटार पुढे घ्यावी लागली.

स्टूल गेलं. दोन दिवसांनी त्यावर पेन्शनीतला एक कंडक्टर येऊन बसला. तो उत्तरं ऐकत नसे, कॅन बघत असे. रुक्माबाईने एवढंच विचारलं, “मंग आते बसशात कोठे?”

पण त्या दिवशी मोटार गेल्यावर बन्सीलाल मागे आला होता. शेठचं बोलणं त्याला ऐकू आलं नव्हतं, पण आधारचे ओठ त्याने पाहिले होते. तो समोर उभा राहिला आणि हँडलवरचा हात उचलून त्याने अंगठा ओठाला लावला. आधारने मान हलवली. दोघं रस्त्याकडेच्या टपरीत शिरले. बाकडं एकच होतं. बन्सीलाल उभा राहिला आणि त्याने आधारला बसायला सांगितलं.